पुतणीनं नर्सिंग करावं की न्यूरोसायन्स?

मांजराकाठ: पुतणी लातूरला बारावी झाली. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत, पण नर्सिंगच्या सीईटीवर बीएस्सी नर्सिंगला सरकारी कॉलेज लागंल असं दिसतंय. हिच्या डोक्यात मात्र न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू अन् नसांचा अभ्यास. आधी साधी बीएस्सी, मग एमएस्सी, पीएचडी म्हणती. दादाची जमीन कोरडवाहू, सोयाबीनच्या भावाचं काय ते तुम्हाला ठाऊकच. माझं मत नर्सिंग. चार वर्षांत पोरगी पायावर उभी.

वॉर्डातली सिस्टर: नर्सिंगच. एम्सची नर्सभरतीची परीक्षा, नॉरसेट, निघाली तर मूळ पगारच ४४,९००.

उगाचच: वरचा आकडा सांगायचा अन् खालचा झाकायचा! जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात नर्सच्या हातावर काय टेकवतात, तेही लिहा की. माझी बहीण सलग नाइट करते, पगाराला तारीख नाही. पीएचडीसाठीची जेआरएफ फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० अन् घरभाडं वेगळं.

वॉर्डातली सिस्टर: त्या 'तर'ला पाच वर्षं लागतात हो. तोवर पुण्यातल्या खोलीचं भाडं सोयाबीन भरणार का?
आणि मेंदू काय फक्त प्रयोगशाळेत असतो? फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट बघा. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर. अ‍ॅसिटिलकोलीन (नसांचा निरोप पुढं नेणारं रसायन) मोडणारं एन्झाइमच त्या औषधानं बंद पाडलेलं असतं. अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू झाला की छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, रात्रभर नर्सच बघते. डोस जास्त झाला की पेशंट बरळतो, चादर चिवडत बसतो. तेही आधी आम्हालाच कळतं.

पिंजऱ्यातला उंदीर: ताई, मान्य, पण अर्धंच. अ‍ॅट्रोपिननं लाळ थांबते, स्नायूंचा लुळेपणा जात नाही. तिथले रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन जिथं चिकटतं त्या जागा, वेगळ्या. दोन-तीन दिवसांनी, बरा झाला म्हणेपर्यंत, पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाही, मग श्वास अडकतो. ते तुम्हीच आधी बघता. पण असं का होतं, यात जिचा जीव रमतो तिला भरल्या वॉर्डात तो विचार करायला वेळ कोण देणार? मी पीएचडीच करतोय. घरच्यांचे टोमणे खाल्लेत, तरी हेच सांगीन.

बाभूळबन: भांडता कशाला? बीएस्सी नर्सिंगनंतर न्यूरोसायन्स नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, वर्षभराचा.

उगाचच: म्हणजे पाटी न्यूरोसायन्सची अन् काम वॉर्डाचं. गोड बोलून फसवू नका पोरीला.

वॉर्डातली सिस्टर: वॉर्डाचं काम म्हणजे फसवणूक? बहिणीला विचारून मग लिहा.

मांजराकाठ: मी अजून नर्सिंगच्याच बाजूनं. पण खोलीभाड्यावर काही तोड आहे का? केव्हीपीवाय शिष्यवृत्ती होती ना?

पिंजऱ्यातला उंदीर: ती बंद झाली. इन्स्पायर आहे: बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल तर वर्षाला ८०,०००. साध्या बीएस्सीलाही चालते, नर्सिंगला नाही. नीटचं राहू द्या, तिचे बोर्डाचे मार्क किती आहेत?