चालू जावा ॲप्लिकेशनमध्ये वापरकर्त्यांचा प्लगइन कोड लोड करणे

प्रश्न
वापरकर्ते आपापले नियम लिहून जार फाइल (जावा कोडचं पॅकेज) अपलोड करतात आणि सर्व्हर बंद न करता ते लागू व्हायला हवेत. जावा १७. दर जारला नवा यूआरएलक्लासलोडर (जारमधून क्लास मेमरीत आणणारा), मॅनिफेस्ट या जारच्या माहिती-फाइलमधून क्लासचं नाव घेऊन ऑब्जेक्ट बनवणं, मग आमच्या इंटरफेसला कास्ट (ऑब्जेक्ट त्या प्रकारचं मानून घेणं). कास्टवर क्लासकास्टएक्सेप्शन येतं आणि मेसेजमध्ये इंटरफेसचं नाव बरोबरच दिसतं. शिवाय जुनी आवृत्ती काढून नवी टाकत गेलं की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) वाढतच जातो. प्लगइनने सिस्टम.एक्झिट (अख्खी जावा प्रोसेस बंद करणारी आज्ञा) मारलं तर अडवायला सिक्युरिटी मॅनेजर (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणारी जावाची यंत्रणा) लावावा का?

उत्तर १
जेव्हीएमच्या (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक लोडर. तुमचा इंटरफेस प्लगइनच्या जारमध्येही भरलेला असणार. यूआरएलक्लासलोडरला पॅरेंट (क्लाससाठी आधी ज्याला विचारायचं तो लोडर) दिला नाही तर तो सिस्टम लोडर धरतो. तुमचं ॲप्लिकेशन वेब कंटेनरमध्ये असेल तर तिथे इंटरफेस सापडत नाही, मग जारमधली प्रत लोड होते. इंटरफेसच्या क्लासवर गेटक्लासलोडर बोलावून येईल तोच पॅरेंट द्या आणि प्लगइन लिहिणाऱ्यांना ती डिपेंडन्सी मेव्हन या बिल्ड टूलमध्ये 'प्रोव्हायडेड' ठेवायला, म्हणजे जारमध्ये न भरायला सांगा. सर्व्हिसलोडर (इंटरफेसचे क्लास शोधून देणारी जावाची सोय) वापरलात तर लोड मेथडला लोडर स्वतः द्या, नाहीतर तो थ्रेडचा कॉन्टेक्स्ट लोडर घेतो.

उत्तर २
मेटास्पेसबद्दल: क्लास एकेकटा अनलोड होत नाही, अख्खा लोडर सुटावा लागतो. क्लोज केल्याने फक्त जार फाइल बंद होते. लोडरला धरून ठेवणारे नेहमीचे म्हणजे पूलमधल्या थ्रेडवर राहिलेला थ्रेडलोकल (थ्रेडपुरतं साठवलेलं मूल्य), प्लगइनने सुरू केलेला थ्रेड, ड्रायव्हरमॅनेजरमध्ये नोंदलेला डेटाबेस ड्रायव्हर, शटडाउन हुक आणि तुमच्याच बाजूची, क्लास हीच की असलेली कॅश. शेवटची सगळ्यात जास्त नजरेतून निसटते. जेसीएमडी या जावाच्या कमांडने व्हीएम.क्लासलोडर_स्टॅट्स (लोडरांची यादी) काढा, जुने लोडर दिसले तर हीप डंपमध्ये (मेमरीच्या उताऱ्यात) जीसी रूटपर्यंतचा, म्हणजे त्यांना कोण धरून आहे त्याचा माग काढा. मॅक्समेटास्पेससाइझही ठरवा, कारण मुळात त्याला मर्यादा नसते. आणि उघड्या जारवर नवी जार कधीही कॉपी करू नका, दर अपलोडला वेगळं फाइलनाव.

उत्तर ३
सिक्युरिटी मॅनेजर नको. जावा १७ मध्येच तो काढून टाकण्यासाठी डेप्रिकेट झाला आणि २४ मध्ये कायमचा बंद. क्लासलोडर म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे. बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) तपासून एक्झिट शोधलंत तरी रिफ्लेक्शनने (चालू असताना नावावरून मेथड बोलावून) ते चुकवता येतं. अनंत लूपमध्ये अडकलेला थ्रेड मारायचा म्हटलं, तर थ्रेड.स्टॉप जावा २० पासून नुसतं एक्सेप्शन फेकतं.

अनोळखी माणसाचा कोड वेगळ्या प्रोसेसमध्येच चालवा. प्रोसेसबिल्डरची एन्व्हायर्नमेंट आधी रिकामी करा. तिथे पालक प्रोसेसचे सगळे व्हेरिएबल आपोआप जातात, डेटाबेसच्या पासवर्डसकट. एक्सएमएक्स हा जेव्हीएमचा पर्याय १२८ मेगाबाइट दिलात तरी ती मर्यादा फक्त हीपची (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीची) असते, म्हणून ती प्रोसेस ज्या कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या) चालते त्यावरही मेमरीची मर्यादा हवी. त्याच कंटेनरला नेटवर्क नको, फाइलसिस्टम रीड-ओन्ली, युजर रूट नसलेला आणि प्रोसेसच्या संख्येवर बंधन. प्रोसेस संपायची वाट पाहणाऱ्या वेटफॉरला ५ सेकंद द्या, वेळ संपला की डिस्ट्रॉयफोर्सिब्लीने ती मारा.

एक सापळा: त्या प्रोसेसचं स्टँडर्ड आउटपुट वेगळ्या थ्रेडने वाचत राहा, ते पाइपमधून येतं. लिनक्सवर पाइपचा बफर सहसा ६४ किलोबाइटचा असतो. तो भरला की प्लगइन लिहिता लिहिता थांबतो आणि दोष कोडच्या संथपणाला दिला जातो. देवाणघेवाण जेसनमध्ये करा. जावा सीरियलायझेशन (ऑब्जेक्टचे थेट बाइट पाठवणं) ठेवलंत तर प्लगइनने पाठवलेले बाइट मुख्य जेव्हीएममध्येच घात करू शकतात, मग वेगळी प्रोसेस असून उपयोग काय?

प्रश्नकर्ता
पॅरेंट बदलल्यावर कास्ट सुटलं, आभार. पण दर विनंतीला नवी जेव्हीएम परवडेल का?

उत्तर ३
दर विनंतीला नको. काही प्रोसेस आधीच सुरू करून ठेवा, मात्र एकाची वापरलेली दुसऱ्या वापरकर्त्याला देऊ नका. ॲपसीडीएसने (क्लासची माहिती आधीच तयार करून ठेवण्याच्या जेव्हीएमच्या सोयीने) सुरुवातीचा वेळही कमी होतो. आणि नियम 'रक्कम इतकी तर सूट इतकी' एवढेच असतील, तर जार घेऊच नका. सीईएलसारखी एक्स्प्रेशन भाषा (फक्त अटी-सूत्रं लिहायची छोटी भाषा) द्या: तिच्यात अनंत लूप लिहिताच येत नाही आणि तुम्ही जे फंक्शन द्याल तेवढंच तिला दिसतं.