फोनमधली जागा संपली तेव्हाचे किस्से टाका (आणि सांगा, १२८ जीबी की २५६?)

ओसरी
लेक बारावीनंतर पुण्याला चाललीय, तिला फोन घ्यायचाय. काल दुकानातला पोरगा "१२८ का २५६, काका?" म्हणाला आणि मला एकदम आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आठवलं. आजीने जन्मात कधी उखाणा घेतला नव्हता, नाव घ्या म्हटलं की पदर तोंडाला लावून आत पळायची. त्या दिवशी नणंदा मागेच लागल्या आणि ती चक्क घेते म्हणाली. सगळे चिडीचूप, मी १६ जीबीचा फोन धरून उभा. "जात्यावर दळता दळता ओवी आली ओठी" इथपर्यंत आलं आणि स्क्रीनवर पाटी, स्टोरेज फुल. पुढची ओळ गेली ती गेलीच. आत्या एक सांगते, धाकटे काका दुसरीच सांगतात. आजी आता नाही. घरात मत असं की १२८ बास झाले, उगाच जास्तीचे पैसे कशाला. तुमच्याकडे काय झालंय ते लिहा.

तिखटमीठ
"...रावांचं नाव घेते, मेमरी होती छोटी!" सॉरी सॉरी, राहवलं नाही 😄 आजी गोड असणार तुमची

मांडवपरतणी
लग्नाची शूटिंग करतो, रोज हेच ऐकतो. फोटोंना घाबरू नका, साधा फोटो ३-४ एमबीचा असतो (५० मेगापिक्सेलचा मोड चालू राहिला तर मात्र एकेक १० च्या पुढे जातो). खातो तो व्हिडिओ. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, १०८०पी (साधी एचडी क्वालिटी) सेकंदाला ३० फ्रेमने घेतलं तर मिनिटाला साधारण ६० एमबी आणि ४के (त्याहून बारीक) ६० फ्रेमला ४०० च्या आसपास. म्हणजे गॅदरिंगचा एक तास साध्यात साडेतीन जीबी आणि ४के ६० मध्ये २४. आणि बघणार कशावर, तर फोनवरच! घरच्या कार्यक्रमाला १०८०पी ठेवा, भरपूर झालं. शिवाय १२८ म्हणजे पूर्ण १२८ मिळत नाहीत, १५-२० सिस्टीमच घेते. आत्ताच्या फोनमध्ये वर्षाला किती भरलं ते बघा, गुणिले जितकी वर्षं वापरणार तितकी. लेक रील बनवत असेल तर २५६ डोळे मिटून.

ओसरी
@तिखटमीठ आत्याला पाठवलं, ती हसून हसून लोळतेय. म्हणे हीच खरी ओळ समजा आता

कढीपत्ता७२
माझा फोन फोटोंनी नाही हो भरत, शुभ सकाळने भरतो. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, सोसायटी, भिशी, त्यात आमच्या वन्सं पहाटे पाचला गुलाबाची फुलं पाठवतात रोज. मुलाने दाखवलं, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मॅनेज स्टोरेज, ५ एमबीच्या वरच्या फायली वेगळ्याच काढून दाखवतं. एकच बोधकथा सात जणांकडून आलेली. ऑटो डाऊनलोड बंद केलंय तेव्हापासून बरंय. कुकर झाला, येते

घाटवाट
हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पावसाळा. ढग खाली, ऊन पाठीमागून आणि समोर इंद्रवज्र, म्हणजे अख्खं गोल इंद्रधनुष्य, मधे आमचीच सावली. फोन काढला तर जागा नाही. घाईघाईत जुने व्हिडिओ उडवले तरी तेच, कारण आयफोनमध्ये उडवलेलं रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस पडून राहतं आणि तोवर जागा काही सुटत नाही. तिथूनही उडवेपर्यंत ढग फाटला. क्लाउडवर (इंटरनेटवर) ठेवा म्हणणाऱ्यांनी गडावर रेंज शोधून दाखवावी. २५६ घ्या.

तिखटमीठ
पाचनईकडून गेलात की खिरेश्वरकडून?

घाटवाट
तोलार खिंडीतून. नळीची वाट पावसात नको रे बाबा

बाभूळबन
आमच्याकडं बैलगाडा शर्यत, ती पण स्लो मोशन पाहिजे पोरांना. ५१२ पण कमी पडंल 😂

सायीचं_दही
मेमरी कार्डाबद्दल कोणी बोललं नाही. स्वस्त पडतं म्हणून माझ्या फोनला टाकलं होतं, मुलाचं पहिलं वर्ष सगळं त्याच्यावर, रांगणं, बोरन्हाण, पहिलं "आई". एक दिवस फोन म्हणे कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. रिकव्हरीवाल्याकडून थोडे फोटो आले, व्हिडिओ नाही. जागा मोठी असून काय, दुसरीकडे प्रत नसेल तर

कढीपत्ता७२
अगं आई गं. नातेवाइकांना विचार, तू तेव्हा कोणाकोणाला पाठवले असशील ना व्हॉट्सॲपवर?

सायीचं_दही
हो, नणंदेकडे बोरन्हाण मिळालं! धूसर आहे पण आहे.

निवडुंग
गूगलच्या भरवशावर १२८ घेणाऱ्यांसाठी. फुकटचे १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांचे मिळून. हाय क्वालिटीचे फोटो त्यात न धरण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, त्याआधी चढवलेले तसे धरले जात नाहीत. आता अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपपण त्यातच मोजतात. आणि एक, बॅकअप झालाय म्हणून गूगल फोटोजमध्ये जाऊन डिलीट दाबू नका, ते गूगलवरूनपण जातं. फ्री अप स्पेस असं बटण आहे, त्याने फक्त फोनमधलं जातं. माझ्या मते लेकीला २५६ द्या, मेमरी नंतर वाढवता येत नाही. बऱ्याच महागड्या फोनना कार्डाची खाचच नसते आता.

ओसरी
ठरलं, २५६. घरी हा धागाच वाचून दाखवला. जुन्या फोनमधलं सगळं आधी पेनड्राइव्हवर काढतोय, पण एक मोठा व्हिडिओ जातच नाहीये, जागा तर आहे त्याच्यात

मांडवपरतणी
४ जीबीच्या वरचा असेल. पेनड्राइव्ह फॅट३२ (फॉरमॅटची जुनी पद्धत) असेल तर त्याहून मोठी एक फाईल घेतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण आतलं आधी काढून घ्या, सगळं पुसलं जातं.

ओसरी
आत सासऱ्यांची कीर्तनं आहेत, गाडीत लावतात ते

कढीपत्ता७२
अहो मग नवीन पेनड्राइव्ह आणा ना, सासऱ्यांच्या कीर्तनाला कुठे हात लावता!