आवडता सिनेमा कोणता म्हणायचा? पुन्हा पुन्हा पाहिलेला, की पुन्हा पाहवत नाही तो?

निवांत_प्रेक्षक
परवा मित्रांत आवडत्या पाच मराठी सिनेमांचा विषय निघाला. सहा याद्या झाल्या आणि जवळपास प्रत्येकीत 'सामना', 'श्वास', 'फॅन्ड्री', 'कोर्ट' होतेच. ज्याने 'कोर्ट' पहिल्या नंबरवर ठेवला, त्याने तो एकदाच पाहिला होता, २०१५ साली थेटरात.

माझ्या मते थोर सिनेमा वेगळा आणि आवडता वेगळा. टीव्हीवर अर्ध्यातून लागला तरी आपण ताट घेऊन समोर बसतो, तो आवडता. माझा 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, हे मान्य. पण पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी वणवण मी केलेली आहे, आणि सुधीर जोशींच्या सरपोतदारांसारखा घरमालकही पाहिला आहे. वडील गेले त्या वर्षी दोन महिने आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. एका रविवारी हा लागला. लक्ष्या साडी नेसून, पार्वती होऊन घरमालकीण लीलाबाईंसमोर उभा राहिला आणि आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला दुसरं कारण नको.

काळी_चिमणी
साफ असहमत. 'फॅन्ड्री' मी एकदाच पूर्ण पाहिला. दुसऱ्यांदा लावला तो राष्ट्रगीताच्या प्रसंगाला बंद केला. डुक्कर समोरून निघून जातंय आणि सगळं कुटुंब सावधानमध्ये उभं. पुढे बघवेना.

तरी माझा आवडता तोच. डुक्कर पकडताना शाळेतल्या, आवडणाऱ्या शालूने बघू नये म्हणून जब्या लपत राहतो ना, तसा मी लपलोय. पाचवीत होतो. बाजाराच्या दिवशी आई भंगार गोळा करत होती, समोरून वर्गातली पोरं आली आणि मी टपरीमागे जाऊन उभा राहिलो. आईने बघितलं होतं. वीस वर्षं आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. 'फॅन्ड्री' बघून आलो त्या रात्री बोललो. असा सिनेमा 'थोर' म्हणून फडताळात ठेवून देऊ?

निवांत_प्रेक्षक
नाही. तुमच्या बाबतीत माझं म्हणणं लागू पडत नाही, हे कबूल करतो. माझा राग आहे तो चारचौघांत शोभून दिसावी म्हणून केलेल्या यादीवर.

सातवी_रांग
तुम्ही दोघांनी गृहीतच धरलंय की गंभीर सिनेमा पुन्हा बघवत नाही. 'सामना' मी दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल. १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत गेला म्हणून नाही, तर हिंदुराव झालेल्या निळूभाऊ फुलेंसाठी. दारूत बुडालेल्या मास्तरला हिंदुराव घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, अगदी आपलेपणाने बोलतो. कारखाना, गाव, माणसं सगळं मुठीत असलेल्या माणसाला ओरडायची गरजच पडत नाही. पुढे मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायचं सोडत नाही, तेव्हा निळूभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू कसं आटत जातं ते बघा. मास्तर झालेल्या डॉ. लागूंकडे बघत बसलात तर ते निसटतं. मला ते चौथ्या खेपेला दिसलं.

उंबऱ्याबाहेर
मी 'उंबरठा' म्हणेन. नोकरीसाठी घराबाहेर पडलेली स्मिता पाटीलची सुलभा परत येते तेव्हा घराने तिच्याशिवाय राहायची सवय करून घेतलेली असते. नोकरीसाठी दोन वर्षं बाहेरगावी राहून मी परतले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदललेल्या होत्या. आणि 'बनवाबनवी'बद्दल एक बोलायचंच आहे. पुरुषाने साडी नेसली एवढ्यावर हसणं मला आता जमत नाही.

सातवी_रांग
हसू साडीचं नाही हो, पकडले जाण्याच्या भीतीचं आहे. डोक्यावरचं छप्पर जायची भीती.

उंबऱ्याबाहेर
अर्ध्या प्रसंगांत तसं आहे. उरलेल्या अर्ध्यांत साडीवरच हसवलंय.

काळी_चिमणी
निवांत, एक विचारू का? तुमची आई त्या रविवारी एकदाच हसली ना? मग तुमचाही आवडता त्या एकाच खेपेचा झाला. पुन्हा पुन्हा पाहण्याचा संबंध आला कुठे?

निवांत_प्रेक्षक
आला. त्यानंतर वडिलांच्या वर्षश्राद्धाला, सगळं आवरलं की संध्याकाळी आम्ही तो लावतो. आई अजून त्याच जागी हसते. आधीपासूनच पदर हातात धरून बसते.