सोलापुरात बेरोजगारी कमी आहे, की बेरोजगार पुण्याला गेलेत?

सिद्धेश्वर पेठ :
"सोलापुरात काम भरपूर आहे, पोरांनाच करायचं नाही." हे वाक्य आता नेत्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे बोलतात. मला ते अजिबात पटत नाही.

आधी मोजणी कशी होते ते बघा. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक पद्धतीत, आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. म्हणजे घरी विड्या वळणारी बाई कामावर, आणि आठवड्यातून तीनच दिवस माग मिळणारा कामगारही कामावर. इंजिनिअर झालेला मुलगा पुण्यातल्या वाकडला कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधत असेल, तर तो सोलापूरच्या हिशेबात येतच नाही. २०२३-२४ मध्ये वर्षभराच्या पद्धतीने देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. उद्या आपला दर त्याहून कमी निघाला तरी मी खूश होणार नाही.

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रमागांनी माणसं सामावून घेतली, पण गिरणीतली हजेरी आणि फंड मागे राहिले.

अक्कलकोट रोड :
मी टॉवेलचे माग चालवतो. रात्रपाळीला माणूस मिळत नाही म्हणून माझे काही माग बंद असतात, ही वस्तुस्थिती आहे. पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या घरांतली मुलं आज मोबाइलच्या दुकानात कमी पगारावर उभी राहतील, पण मागावर येणार नाहीत. सूत महाग, वीज महाग, खरेदीदार भाव वाढवून देत नाही. या सगळ्यात फंड कुठून भरायचा ते सांगा. मालक म्हणजे मोठा भांडवलदार असं समजू नका. आमच्यातले बरेच जण स्वतः कामगार होते.

सिद्धेश्वर पेठ :
दादा, तुमची अडचण खरी आहे. पण मे २०२५ मध्ये तुमच्याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले, मालकाच्या घरचेही त्यात होते. कामगार कारखान्यातच राहत होते. हे बघितलेल्या बापाने पोराला मागावर पाठवावं, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

हडपसरहून :
पुण्याला जाणं म्हणजे संकट, असं का धरून चाललाय? मी गेलो, भावालाही नेलं. घराचा हप्ता आमच्या पगारातून फिटतो. अडीचशे किलोमीटरवर एवढा मोठा बाजार असताना प्रत्येक शहराने आपली आयटी कंपनी मागत बसू नये. विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची अडथळा ठरणारी चिमणी पाडली, त्यावर वर्षानुवर्षं भांडलो. तेवढा जोर चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागणारी कौशल्यं शिकवण्यात लावला असता तर जास्त उपयोग झाला असता.

कुंभारीची लेक :
तुम्ही सगळे पोरांबद्दलच बोलताय. या शहरात हजारो बायका विडीवर घर चालवतात. मजुरी हजारी विड्यांवर, त्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा पैसा नाही. माझ्या आईने त्यावर आम्हाला शिकवलं. विडीची मागणी घटली की कोणी कामावरून काढत नाही, फक्त वळायला पानं कमी देतात. याला बेरोजगारी म्हणायचं की नाही? गिरण्यांच्या आठवणी काढताना त्या काळी बायकांच्या वाट्याला काय होतं तेही आठवा. आणि हडपसरवाले भाऊ, दोन पोरं आणि सासूला टाकून मी पुण्याला कशी जाऊ? मला गणवेश शिवायचं काम इथेच हवंय, पण ठरलेल्या पगारावर.

अक्कलकोट रोड :
ताई, गणवेशाचं काम हंगामी आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी झुंबड, नंतर मशीन रिकामी. बारा महिने पगार कुणालाच परवडणार नाही.

सिद्धेश्वर पेठ :
मग निदान तेच मोजा. जानेवारी २०२५ पासून केंद्राचं श्रमशक्ती सर्वेक्षण दरमहा येतं, नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरतात. महिन्यात किती दिवस काम मिळालं, हातात किती आले आणि घरातलं कोण बाहेरगावी गेलं, हे वॉर्डनिहाय महापालिकेने विचारावं. ताईंना पानं कमी मिळाली तो महिना कुठेतरी नोंदला गेला पाहिजे.