एच९ चा कॅरिओटाइप नॉर्मल, तरी पेशी बदलल्यासारख्या वाटतात

पेशीवेडी:
पीएचडीचं तिसरं वर्ष. एच९ वर काम करते, १९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये थॉमसन यांच्या गटानं मिळवलेल्या मानवी भ्रूणपेशींच्या (कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींच्या) लाइनपैकी, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या वंशांपैकी एक. आता पॅसेज (पेशी नव्या प्लेटमध्ये वाटून लावायची फेरी) ५२ चालू आहे. पूर्वी पाचव्या दिवशी एका प्लेटच्या सहा करायचे, हल्ली चौथ्या दिवशीच प्लेट गच्च भरते. पॅसेजच्या दुसऱ्या दिवशी मीडियात (पोषक द्रवात) मेलेल्या पेशींचा पांढुरका कचरा तरंगायचा, तो दीड महिन्यापासून दिसलाच नाही. मला वाटलं, हात बसला. पण त्याच पेशींपासून न्यूरॉन करायला घेतले आणि तिन्ही बॅच फसल्या. कॅरिओटाइप (मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रांची तपासणी) करून आणला: ४६ एक्सएक्स, २० पेशी पाहिल्या, सगळ्या नॉर्मल. गाइड म्हणतात पुढे चल. मला धीर होत नाही.

जुना_कल्चरवाला:
मला तो स्वच्छ मीडियाच खटकतोय. या पेशी सुट्या केल्या की बऱ्याचशा मरतात, तो त्यांचा स्वभावच आहे. त्या मरेनाशा झाल्या तर आधी २०व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा २०क्यू११.२१ हा भाग तपास. तिथं बीसीएल२एल१ हे जीन आहे, पेशीला मरणापासून वाचवणारं. ज्या पेशीत त्याची जादा प्रत आली ती प्रत्येक पॅसेजला इतरांपेक्षा जास्त उरते, आणि बघता बघता सगळी प्लेट तिच्याच वंशाची होते. २०११ साली इंटरनॅशनल स्टेम सेल इनिशिएटिव्हनं १२५ भ्रूणपेशी-लाइन आणि ११ आयपीएस (प्रौढ पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशींच्या) लाइन तपासल्या, त्यांतल्या २० टक्क्यांहून जास्त लाइनींत हा भाग वाढलेला निघाला. हा भाग वाढला की चेतापेशींकडे वळणं अवघड जातं, हेही दिसलंय. तुझ्या फसलेल्या बॅच मला त्यातल्याच वाटतात.
रिपोर्ट खोटा नाही गं. पण कॅरिओटाइपच्या पट्ट्यांत साधारण पन्नास लाख ते एक कोटी बेसजोड्यांहून (डीएनएच्या अक्षरांहून) लहान तुकडा दिसत नाही, आणि हा बहुतेक वेळा त्याहून लहान असतो. शिवाय २० पेशी पाहून १४ टक्क्यांखालची भेसळ निसटू शकते. फिश (त्या भागाला चमकणारी खूण लावून बघणं) कर, नाहीतर क्यूपीसीआर (त्या भागाच्या प्रती मोजणं).

मीडिया_बदलणारी:
ताई, पॅसेज एन्झाइमनं करतेस का? एकेक पेशी सुटी करत असशील तर निवड फार कडक होते. आम्ही ईडीटीएनं (एन्झाइमविना पेशी सैल करणाऱ्या रसायनानं) छोटे पुंजके उचलतो. आणि गाइडना जपानमधल्या कोबेचं सांग. तिथं २०१४ साली पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात आयपीएसपासून केलेला पेशींचा पातळ थर बसवला, पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत बदल सापडले म्हणून पुढचं प्रत्यारोपण थांबवलं. ज्यांनी ती पद्धत उभी केली त्यांनीच थांबवलं.

पेशीवेडी:
हो, सहा महिन्यांपूर्वी वेळ वाचावा म्हणून एन्झाइमवर आले. तेव्हापासूनच बिघडलं असणार.
क्यूपीसीआर झाला. २०क्यूच्या त्या भागाच्या दोनऐवजी तीन प्रती. गाइडना आलेख दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, सगळ्या प्लेट टाकून दे. द्रव नायट्रोजनमधून पॅसेज ३१ ची गोठवलेली वायल काढली. तिचा २०क्यू आधी तपासला, दोनच प्रती आल्या. काल ईडीटीएनं पहिला पॅसेज केला. आज सकाळी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली, तर मीडियात तो पांढुरका कचरा पुन्हा तरंगत होता.