कुलूप ‘तोडणे’, ‘चुकवणे’ की नुसतं ‘उघडणे’?

नौपाडाकर: विकत घेतलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी खोकाभर पडल्यात आणि प्लेअर मेलाय. गोखले रोडवरच्या दुकानदाराला हार्ड डिस्कवर उतरवून द्यायला सांगितलं, तर म्हणतो, “लग्नाची असेल तर देतो. पिक्चरला लॉक असतं, ते तोडणं गुन्हा आहे.” कायद्याचं नंतर बघू, पण ‘तोडणे’ हा शब्द बरोबर आहे का?

ऐरोलीकर: नाही. तोडलं की कुलूप कामातून जातं. इथे तबकडीवरचं कुलूप जसंच्या तसं राहतं, उघडी प्रत तेवढी बाहेर येते. ‘बगल देणे’ चालेल.

घंटाळीची काकू: अहो, बगल प्रश्नाला देतात, कुलपाला नाही. ‘चुकवणे’ घ्या. आपल्याकडे जकात चुकवायचे. जकात गेली, क्रियापद राहिलं.

वाशीकर (कोर्टात काळा कोट घालतो): काकू, ‘चुकवणे’मध्ये लबाडी आधीच धरलेली आहे. कायदा तसं धरत नाही. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट कायदा 1957चा, त्यात 2012 साली कलम 65अ आलं. संरक्षणाचा उपाय निष्प्रभ केला, तोही हक्कभंग करण्याच्या उद्देशाने, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘उद्देशाने’ हा शब्द काढला तर कलमात काही उरत नाही. पोलिसांच्या बातमीत नाही का, “चोरीच्या उद्देशाने कुलूप तोडले”? स्वतःच्या घराची किल्ली हरवली म्हणून तोडलं तर त्याला कुणी घरफोडी म्हणत नाही. अमेरिकेचा 1998चा कायदा याहून कडक आहे. तिथे पाहण्यावाचण्यावरचं कुलूप उघडणं हाच मुळात मनाई केलेला प्रकार, सवलती दर तीन वर्षांनी ठरतात.

ऐरोलीकर: नॉर्वेत असा खटला झाला होता ना? डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमवरून यॉन योहानसेनवर. 2003मध्ये सुटला. डिस्क त्याने विकत घेतलेली होती, आपल्याच मालात घुसखोरी कसली, असा निकालाचा रोख होता.

नौपाडाकर: म्हणजे माझं काम कायदेशीर?

वाशीकर: घाई नको. कलम 52मध्ये खासगी वापराला रास्त मर्यादेत मुभा आहे, पण अख्खा सिनेमा त्या ‘रास्त’मध्ये बसतो का, यावर वाद घालता येईल. त्याच प्रती मित्रांना वाटल्या तर मात्र वादाला जागा नाही. गंमत पुढेच आहे. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचं, असं 65अमध्येच आहे.

घंटाळीची काकू: म्हणजे चावीवाल्यासारखंच! मग साधं ‘कुलूप उघडणे’ म्हणा. भलंबुरं उघडणाऱ्यावर सोडा.

नौपाडाकर: पटलं. उद्या दुकानदाराला विचारतो, वही ठेवतोस का. नाही म्हणाला तर जुना प्लेअर शोधायला लागेन.