नुसत्या बुडावरून बाटलीचा काळ कसा ओळखायचा? मदत हवी आहे

मंडळी, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर काचेचे तुकडे वर येतात त्यात यंदा एक जाड बूड मिळालंय, लांबून काळंच वाटतं पण उजेडात धरलं की गडद हिरवं, चौकोनी, काचेत बुडबुडे. खाली मधोमध खरबरीत गोल वण आहे म्हणजे फुंकून केलेली असावी, साच्याची शिवण नाही, अक्षरं पण नाहीत. गोटी सोड्याची नक्की नाही, ती गोल असते. गोड्या पाण्यात भिजवून मऊ ब्रश फिरवला पण वरचा रंगीत चमकणारा पापुद्रा सुटायला लागला म्हणून थांबलो, अ‍ॅसिड वगैरे प्लीज सुचवू नका, विकायचीही नाहीये. इथे १७व्या शतकात डचांची वखार होती म्हणून त्यांच्या जिन या दारूची चौकोनी बाटली असेल असं वाटतंय, पण तसल्या चौकोनी बाटल्या १९व्या शतकातही बनायच्या. गळा नाहीये, तर बुडात नेमकं काय बघितलं की या दोन काळांतला फरक कळेल?